हळकुंड, गाळ आणि वर्तुळ : चित्र काढता काढता ध्यानाला बसण्याची रीत

लहानपणी बुद्धाचं चित्र मी कितीदा काढलं याची मोजदाद नाही. १४ एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा जवळ आली की वस्तीतले बोर्ड माझ्याकडे यायचे. छापील फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी बोर्डावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. मिटलेल्या पापण्या, लांब कान, ओठांच्या कडेला जेमतेम कळेल एवढं हसू, सगळं बरोबर यायचं. पण हा माणूस डोळे मिटून नेमकं करतोय काय, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नाही. पडला तेव्हा उत्तर शोधायला मी पेन्सिलच हातात घेतली, कारण माझा विचार हातातून चालतो.

पुढं जे लिहिलंय ते त्या शोधातून बसत गेलेलं आहे. सांगलीत आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसतो. त्यात शेतकरी आहेत, रात्रपाळी करून येणाऱ्या एक नर्सताई आहेत, दोन कॉलेजची मुलं आहेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेले थोडे, 'मला सरळ रेघ येत नाही' म्हणणारे जास्त. या कामाला चित्रकला यावी लागत नाही. इथं चित्र चांगलं येणं हा मुद्दाच नाही. हात चालू असताना मन काय काय करतं, ते पाहायचं आहे. कागदावर जे उरेल ती त्या पाहण्याची खूण.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. बुद्धानं भिक्खूंना चित्र काढून ध्यान करा असं शिकवलेलं नाही. उलट विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, अशी हकिगत आहे की काही भिक्खूंनी विहाराच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांची चित्रं रंगवून घेतली, तेव्हा त्यांना ती मनाई झाली. परवानगी मिळाली ती फुलांच्या माळा, वेली आणि मगरदातांसारखी नक्षी यांना. मन ज्यानं पेटून उठेल ते नको, ज्यानं निवेल ते चालेल, असा मी त्याचा अर्थ घेतो. दुसऱ्या बाजूला संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांच्या एका पाली संग्रहात, एक सुंदर जागा आहे. पालीत चित्राला आणि मनाला एकच शब्द आहे, चित्त. बुद्ध भिक्खूंना विचारतात, 'चरण' नावाचं ते चित्र पाहिलंय का? तेही चित्तानंच कल्पिलेलं, आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक चित्रविचित्र आहे. त्याच ठिकाणी चित्रकाराचे रंगही सांगितलेत : लाख, हळद, नीळ, मंजिष्ठ. सांगलीच्या माणसाला त्यात हळद दिसली की पुढचा रस्ता आपोआप सापडतो.

बसण्याआधी

सामान फार नको. पाठकोरे कागद पंचवीस-तीस, एक ४बी किंवा ६बी पेन्सिल, ब्रश एक जाड, काळी शाई, जमलं तर बोरू. खोडरबर घेऊ नका. रबर जवळ असला की हात रेघ काढायच्या आधीच ती पुसायच्या तयारीत असतो. हे मी वर्षानुवर्षं मुलांच्या हातात पाहिलंय.

जागा एकच ठेवा. खिडकीजवळची असेल तर उत्तम, उजेड डाव्या हाताकडून यावा (डावखुऱ्यांनी उजवीकडून). जमिनीवर चौरंगासमोर मांडी घालून बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्ची-टेबल घ्या. पाठ ताठ राहते आणि खांदा मोकळा हलतो ना, एवढं बघा. फोन दुसऱ्या खोलीत. वेळ रोज वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी खोल नेतात.

आणि एक नियम, ज्यावर मी अडून बसतो : पहिले तीन आठवडे यातलं काहीही कुणाला दाखवायचं नाही, स्टेटसला लावायचं नाही. दाखवायचं ठरलं की त्या क्षणापासून तुमच्या शेजारी अदृश्य परीक्षक येऊन बसतो. मग तुम्ही समोरची वस्तू पाहत नाही, त्या परीक्षकाचं तोंड पाहता.

पहिली पायरी : श्वासाची रेघ

सतिपट्ठान सुत्त या प्रवचनात श्वासाकडे लक्ष देण्याची रीत सांगताना बुद्धानं उपमा दिलीय ती एका कारागिराची. कसबी कातारी किंवा त्याचा शिकाऊ पोरगा लाकूड कातताना लांब वळसा घेतो तेव्हा 'लांब वळसा घेतोय' हे जाणतो, आखूड घेतो तेव्हा 'आखूड घेतोय' हे जाणतो. तसंच लांब श्वास घेताना लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. मला ही उपमा वाचली तेव्हा फार आनंद झाला. हात आणि श्वास यांची गाठ अडीच हजार वर्षांपूर्वीच घालून ठेवलेली आहे.

करायचं असं. पाच मिनिटं नुसते बसा. नाकाच्या शेंड्याशी श्वास येतो-जातो तेवढं जाणा. मग पेन्सिल कागदाच्या डाव्या कडेला टेकवा. श्वास बाहेर जायला लागला की रेघ सुरू करा, श्वास संपला की थांबा, पेन्सिल उचला. आत येणाऱ्या श्वासाला हात कागदावरून वर, मोकळा. पुढच्या उच्छ्वासाला त्याखाली दुसरी रेघ. पान भरेपर्यंत एवढंच.

श्वास मुद्दाम लांबवू नका. रेघ लांब यावी म्हणून सगळेच पहिल्या दिवशी श्वास ताणतात. ताणलेल्या श्वासाची रेघ शेवटी थरथरते, कागद लगेच सांगतो. तो आखूड असेल तर रेघ दोन बोटांची येऊ द्या. सात-आठ मिनिटांनी रेघा आपोआप लांबायला लागतात, आणि त्यांच्यात अचानक एखादी तुटकी, घाईची रेघ सापडते. त्या जागी मन कुठंतरी गेलेलं असतं. कुणाला तिथं कर्जाचा हप्ता आठवलेला असतो, कुणाला भांडण. त्या रेघेवर चिडायचं नाही. 'गेलं होतं' एवढं मनात म्हणायचं आणि पुढची रेघ. आठवडाभर एवढंच करा. कंटाळा येईल. कंटाळ्याचीही रेघ कशी येते ते बघा.

दुसरी पायरी : एक हळकुंड

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घेतो, तुम्हीही घ्या.

सांगलीत हळकुंड मिळणं अवघड नाही. मार्केट यार्डातल्या सौद्यांच्या ढिगापासून किराणा दुकानाच्या पोत्यापर्यंत सगळीकडं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांच्या, गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, राजापुरी हे हळदीचं नाव तोंडात बसलेलं असतं. म्हणजे हळदीबद्दल आपल्या डोक्यात माहिती भरपूर. म्हणूनच ती न पाहता राहून जाते.

एक न दळलेलं, पॉलिश केलेलं हळकुंड घ्या. पांढऱ्या कागदावर डोळ्यांपासून हातभर अंतरावर ठेवा. पहिली पाच मिनिटं पेन्सिल उचलायची नाही. नजर एका टोकापासून निघून मुंगीच्या चालीनं कडेकडेनं फिरू द्या. थोड्या वेळानं दिसायला लागतं की त्याच्या अंगाभोवती आडव्या कड्या आहेत, बोटाच्या पेरांसारख्या. कड्या सारख्या अंतरावर नाहीत, जाड टोकाकडे दाट, निमुळत्या टोकाकडे विरळ. जिथं उपबोट मोडून काढलंय तिथं एक गोल खळगी, आणि तिच्यात रंग अंगापेक्षा गडद, जवळजवळ नारिंगी तपकिरी. पॉलिशनं कड्यांचे कंगोरे झिजून चकाकतात, खोबणीत मात्र मातकट पिवळी धूळ तशीच. मोडलंत तर आतला भाग शिंगासारखा कडक, चमकदार असतो. कागदावर पडलेली सावली काळी नसते, तिच्या कडेला हळदीचा पिवळेपणा झिरपलेला असतो.

आता पेन्सिल टेकवा आणि काढा, पण कागदाकडे पाहू नका. नजर हळकुंडावरच. डोळा जेवढ्या वेगानं कडेवरून सरकतो तेवढ्याच वेगानं पेन्सिल सरकेल. डोळा खोबणीत उतरला की हातही उतरेल. शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत खाली बघायचं नाही. कागदावर जे येईल ते हळकुंडासारखं दिसणार नाही, रेघा एकमेकींवर चढतील, टोकं जुळणार नाहीत. येऊ द्या. कागद उलटा करून बाजूला ठेवा आणि नव्या कागदावर पुन्हा. एका बैठकीत तीन वेळा.

आमच्यातल्या एका काकांनी आयुष्यभर हळद केली. तिसऱ्या रविवारी ते पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, बेण्याचे डोळे बघून बघून लावण केली, पर हे हळकुंड काय मी बघितलं न्हवतं." मग बराच वेळ ते बोललेच नाहीत. मला या पायरीबद्दल जे सांगायचं असतं ते त्यांनी सांगून टाकलं.

तत्त्वज्ञानाच्या बाजूनं इथं काय चाललंय? बाहिय नावाचा एक साधक सुप्पारकाहून, म्हणजे आजच्या आपल्या नालासोपाऱ्याहून, निघून बुद्धाला भेटायला श्रावस्तीला गेला. बुद्ध भिक्षेला निघाले होते. त्याचा आग्रह पाहून त्यांनी रस्त्यातच त्याला थोडक्यात शिकवण दिली : 'दिट्ठे दिट्ठमत्तं भविस्सति', पाहिलेल्यात फक्त पाहिलेलंच असेल. आपण पाहतो त्यात पाहिलेलं थोडं आणि चिकटवलेलं जास्त असतं. नाव, भाव, आठवण, 'माझं', 'चांगलं', 'कसलं भंगार आलंय'. न पाहता काढलेली रेघ ही चिकटवाचिकटव उघडी पाडते. मध्येच हात झपकन एक गुळगुळीत, ओळखीचा बाक काढून मोकळा होतो, तो समोरच्या हळकुंडाचा नसतो, डोक्यातल्या 'हळकुंड' या शब्दाचा असतो. अशी जागा स्वतःच्या कागदावर ओळखता आली की पहिल्या महिन्याचं काम झालं समजा.

दुसऱ्या आठवड्यापासून यात एक भर घाला. कागदाच्या उजव्या कडेला दोन बोटं समास सोडा. काढताना मनात काही उठलं की पेन्सिल तेवढ्यापुरती समासात न्यायची. बरं वाटलं तर छोटा गोल, नकोसं वाटलं तर फुली, दोन्ही नाही तर आडवी टिंबरेघ. या तीन वेदना : सुख, दुःख, आणि सुखही नाही दुःखही नाही अशी. कारण लिहायचं नाही, खूण पुरे. बैठक संपल्यावर समास पाहिला की लक्षात येतं, टिंबरेघा सर्वांत जास्त असतात. आपला बहुतेक वेळ जिथं जातो ती जागा आपल्या लक्षातच येत नाही, कारण तिथं ना गोडी असते ना टोचणी.

हळकुंडानंतर दुसरी वस्तू घ्यायची घाई नको. एकच हळकुंड, दोन आठवडे.

तिसरी पायरी : वेल

ही सोपी आहे आणि थकलेल्या दिवसांसाठी आहे. विनयातली ती परवानगी आठवा. बोरू आणि शाई घ्या. एक लहर, लहरीच्या प्रत्येक पोटात एक पान, पानाच्या देठाशी एक टिंब. साडीच्या काठावर, उंबऱ्याच्या रांगोळीत तुम्ही हजारदा पाहिलेली. ओळीमागून ओळ तीच वेल काढा. नवीन काही सुचलं तर सुचू द्या, काढू नका. 'आता इथं फूल घालावं' ही इच्छा कशी उठते, किती जोर लावते आणि न ऐकल्यास कशी ओसरते, तेवढं बघायचं. रात्री झोप येत नसेल तेव्हा मी हीच काढतो.

चौथी पायरी : मातीचं मंडल

आता थोडं घरचं सांगावं लागेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत चढलं. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर आत सगळीकडं वीतभर गाळ. माझी वीस-बावीस वर्षांची चित्रं एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. ट्रंक उघडली तेव्हा कागद वेगळे होईनात, तो एक लगदा झाला होता. वरच्या थरावर कुठं निळा, कुठं गेरूचा डाग. मी ती ट्रंक तशीच बाहेर ठेवली आणि चार दिवस घमेल्यानं गाळ काढत राहिलो. पाचव्या दिवशी भिंतीच्या कडेचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. त्यातला एक तुकडा उचलला तर तो इतका मऊ, इतका एकजीव होता की मी तो टाकला नाही. एक डबाभर गाळ ठेवून घेतला.

माझं पहिलं मंडल त्या गाळाचं. विसुद्धिमग्ग हा बुद्धघोषाचा पाचव्या शतकातला ग्रंथ आहे. आपल्या धर्मानंद कोसंबींनी त्याचं संपादन केलं आहे. त्यात ध्यानाचे चाळीस विषय सांगितलेत, त्यांतला पहिला पथवी कसिण, म्हणजे मातीचं वर्तुळ. ते कसं करावं हे बुद्धघोषानं एखाद्या गवंड्यानं सांगावं इतक्या बारकाईनं लिहिलंय. त्यातलं मूळचं आणि आमच्या प्रयोगातलं असं दोन्ही मिळून सांगतो.

माती. ग्रंथात पहाटेच्या आभाळासारखी, अरुणवर्णी माती घ्या असं आहे. ठळक निळी, पिवळी, लाल किंवा पांढरी नको, कारण मग मन मातीऐवजी रंगाला धरतं. रंगांची कसिणं वेगळी आहेत. आपल्या नदीकाठची माती काळपट, आणि एक अडचण म्हणजे काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. त्यावर ग्रंथातच तोड आहे : चांगली माती कमी असेल तर खाली दुसरी घाला आणि वरचा थर तेवढा अरुणवर्णी द्या. आम्ही खाली नदीचा गाळ तीन भाग आणि चाळलेली बारीक वाळू एक भाग घेतो, वर लाल माती आणि गाळ सारखे मिसळून पातळ थर देतो. लाल माती नर्सरीत पोत्यानं मिळते. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर जांभ्याची सुंदर माती दिसते हे खरं, पण कासच्या पठारावरून चिमूटभरही आणू नका, ते जागतिक वारसा यादीतलं ठिकाण आहे आणि तिथली माती म्हणजे तिथल्या फुलांचं घर आहे.

दोन्ही माती वेगवेगळ्या बादल्यांत रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून जुन्या मलमलीतून गाळा. काड्या, मुळं, खडे सगळे जायला हवेत. गाळलेलं पाणी दिवसभर निवळू द्या, वरचं पाणी अलगद ओतून टाका. श्रीखंडाइतकी घट्ट झाली की माती तयार.

पाया. मूळ रीत चार काठ्यांवर कापड, चामडं किंवा चटई ताणून बांधण्याची. आम्ही दोन फुटी प्लायवूडच्या तुकड्यावर गोणपाट खिळ्यांनी ताणतो, गोणपाटात माती धरून राहते. मधोमध वर्तुळ आखा. माप ग्रंथातलं : एक वीत चार अंगुळं. तुमचीच वीत, तुमचीच बोटं. साधारण फूटभर व्यास येतो. खालचा थर अर्धी अंगुळ जाडीचा द्या आणि सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलात तर तडकलाच म्हणून समजा. भेगा पडल्या तर त्याच मातीचं पाणी करून बोटानं भरा, पुन्हा वाळवा. दोन-तीन दिवस जातात. मग वरचा थर.

घोटाई. वर्तुळ नगाऱ्याच्या तोंडासारखं सपाट व्हायला हवं. लाकडी थापीनं घोटलं तर रंग बिघडतो, दगडानं घोटा, असं ग्रंथ सांगतो. आम्ही नदीतला गुळगुळीत गोटा वापरतो. माती अर्धवट वाळलेली, बोट लावलं तर ठसा उमटेल पण चिकटणार नाही अशी असताना गोटा छोट्या गोलांत फिरवायचा. अर्धा-पाऊण तास लागतो. हे काम म्हणजे मंडलाआधीची तयारी नाही. इथं पहिल्या पायरीतला श्वास परत आणा. दाब कुठं वाढतोय, खांदा कुठं आवळतोय, 'आता पुरे' असं मन कितव्यांदा म्हणतंय, पाहत राहा.

बसणं. मंडल भिंतीला टेकवून उभं करा. अंतर अडीच हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अडीच. याहून लांब बसलं तर ते नीट दिसत नाही, जवळ बसलं तर त्यातले दोष दिसायला लागतात. आसन एक वीत चार अंगुळं उंच. फार उंच असलं तर मान वाकते, फार बुटकं असलं तर गुडघे दुखतात. ही माहिती वाचताना मला बुद्धघोषाबद्दल माया वाटते. निर्वाणाकडे जाणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांचाही त्यानं विचार केला.

डोळे फार ताणून उघडायचे नाहीत, फार बारीकही नाही. आरशात आपला चेहरा जसा सहज बघतो तसं बघा. रंग कुठला, भेग कुठं, इकडं जाऊ नका. मनात 'पथवी, पथवी' किंवा सरळ 'माती, माती'. थोडा वेळ पाहा, थोडा वेळ डोळे मिटा, पुन्हा पाहा. पुष्कळ दिवसांनी डोळे मिटल्यावरही वर्तुळ उघड्या डोळ्यांना दिसावं तसं दिसायला लागतं. ग्रंथात त्याला उग्गह निमित्त म्हटलंय. त्याच्या पुढचा प्रवास जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावा. मी इथंच थांबतो आणि रविवारी बसणाऱ्यांनाही इथंच थांबवतो. वीस मिनिटांच्या वर एकटक बसू नका. डोकं जड झालं, भीतीसारखं काही वाटलं तर उठा, पाणी प्या, अंगणात दहा फेऱ्या मारा. ज्यांना मनाच्या आजारावर औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून मगच ही पायरी घ्यावी. वेल आणि श्वासाची रेघ मात्र कुणीही करावी.

बैठक संपल्यावर शाई आणि जाड ब्रश घेऊन एका श्वासात एक वर्तुळ काढा. जपानच्या झेन परंपरेत असं एका फटकाऱ्याचं वर्तुळ काढतात, त्याला एन्सो म्हणतात. एकच काढायचं, दुसरा प्रयत्न नाही. तारीख घालून ठेवून द्या.

पाचवी पायरी : हळदीचा कागद

अनित्य हा शब्द आपण वंदनेत ऐकतो, मरणाघरी ऐकतो, म्हणून तो दुःखाचाच वाटतो. हळदीच्या कागदानं मला तो वेगळा दाखवला.

चमचाभर घरची दळलेली हळद अर्धी वाटी कोमट पाण्यात कालवा, चिमूटभर भिजवलेला डिंक घाला. हळद पाण्यात विरघळत नाही, तरंगते आणि बसते, म्हणून दर वेळी ढवळून ब्रश बुडवा. जाड कागदावर सपाट हात द्या, वाळला की दुसरा. कागदाच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा चिमट्यांनी लावा आणि कागद ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. हळदीचे कपडे वाळवणाऱ्या प्रत्येक आईला हे ठाऊक असतं. दर रविवारी पुठ्ठा काढून दोन मिनिटं नुसतं बघा, परत लावा. रंग कधी गेला ते कुणालाच दिसत नाही. जाताना तो दिसतच नाही, गेलेला दिसतो. त्या झाकल्या आणि उघड्या भागांमधल्या कडेवर डोळे ठेवून बसणं हे माझं सगळ्यांत आवडतं ध्यान आहे.

दुसरा कागद सावलीतच ठेवा आणि त्याच्या एका कोपऱ्यावर पानाचा चुना पाण्यात कालवून बोटानं लावा. पिवळ्याचा क्षणात लाल होतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते यामुळंच. आता विचारा, लाल कुठं होता? हळदीत नव्हता, चुन्यात नव्हता. हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. त्यावरची व्याख्यानं मी बरीच ऐकली, पण मुलांना समजावायची वेळ आली की मी वाटीत हळद कालवतो. चुन्याचं बोट लगेच धुवा, डोळ्याला लावू नका.

एखाद्या सकाळी : आगाशिव

महिना-दोन महिने घरी बसलात की एक दिवस कऱ्हाडला जा. जखिणवाडीजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रं इथं नाहीत. बहुतेक लेणी लहान, साध्या खोल्या, आणि म्हणूनच आपल्या कामाच्या. बुद्धाची मूर्ती घडवण्याच्या प्रथेआधीच्या काळातलं हे काम आहे. तिथं बुद्ध दिसतो तो स्तूपाच्या रूपात. अर्धगोल, त्यावर चौकोन.

सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर घ्या, एकटे जाऊ नका. एका खोलीत आत भिंतीला पाठ लावून बसा, तोंड दाराकडे. दार काढायचं नाही, डोंगर काढायचा नाही. दारातून येणारा उजेड जमिनीवरून किती आत येतो आणि कुठं विरतो, तेवढी एकच कड काढायची. अर्ध्या तासानं त्याच कागदावर पुन्हा. कड सरकलेली असते. ज्यांनी ही खोली खोदली त्यांच्यासमोर हीच कड रोज अशीच सरकली असणार. लेण्यांच्या भिंतीवर कोळसा, खडू, ओला हात, काहीही लावू नका. दगडाचा ठसा घ्यायचा मोहही आवरा.

कागदांचं काय करायचं

दर महिन्याच्या शेवटी सगळे कागद जमिनीवर तारखेनुसार मांडा. सुंदर कोणतं ते शोधू नका, नजर तिकडं जाईलच, जाऊ द्या, परत आणा. समासातल्या खुणा वाचा, तुटक्या रेघा पाहा. दोन कागद ठेवा, पहिल्या आठवड्यातला एक आणि शेवटच्या आठवड्यातला एक. बाकीचे भिजवून त्यांचा लगदा करा. या लगद्याला मी आता घाबरत नाही. त्यात मूठभर मेथ्यांचं पीठ घातलं की पूर्वी आज्या करायच्या तशी टोपली होते, पेन्सिली ठेवायला.

मंडल वर्षभर टिकतं. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, आम्ही ते उतरवतो. पाट आडवा ठेवून वर ओलं फडकं घाला, तासाभरात माती सुटते. ती बादलीत कालवून हरिपूरला संगमावर नेतो, जिथं वारणा कृष्णेला मिळते, आणि काठाच्या मातीत ओततो. गोणपाट धुऊन वाळवून ठेवायचं. खिळे गंजले असतील तर बदला. नवी माती आणायची ती दिवाळीनंतर, पाणी उतरून काठ कोरडा पडला की, आणि काठाच्या फार जवळ न जाता. तिथं वरची कातडी वाळलेली दिसते, पण खाली पाय गुडघ्यापर्यंत जातो.